बुलबुलने पेरलेलं रान

गेल्या रविवारी डबा खायला ज्या खडकावर बसलो होतो तिथे बुलबुलची वाळलेली शीट पडली होती, जांभळट डाग आणि त्यात तीन बिया. सहा वर्षांपूर्वी मी फडक्याने पुसून तिथे बसले असते. आता हात थांबत नाही, नखाने खरवडल्या, तळहातावर घेतल्या, खसखशीपेक्षा बऱ्याच मोठ्या, मिरीपेक्षा लहान, एका टोकाला जरा निमुळत्या. तिन्ही टणटणीच्या. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून बांधल्या आणि मग जेवले. शेजारी बसलेली मुलगी आमच्या टणटणी काढणाऱ्या गटात नवीनच आलीय, ती म्हणाली, ताई, एवढं रान पसरलंय आणि तीन बियांनी काय फरक पडणार आहे? तोंडात घास होता आणि उत्तर लांबलचक होतं, त्यामुळे तेव्हा राहिलं. ते आता लिहिते.

टणटणी म्हणजे घाणेरी, शहरात लँटाना म्हणतात. लहानपणी माझं या झुडपाशी काहीच वाकडं नव्हतं. आम्ही पोरी ती बारीक नळीसारखी फुलं एकेक उपटून मागच्या टोकाने मध चोखायचो, जेमतेम जिभेला लागेल इतका, आणि एका फुलाच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी खुपसत खुपसत अंगठी करायचो. काळी झालेली फळं खाणारी पोरंही होती (फळ हिरवं असताना विषारी असतं, तेव्हा पोरांना यातलं काही तोंडात घालू देऊ नका). पान चुरगळलं की येणारा तो उग्र वास दिवसभर बोटांना राहायचा आणि मला तो सुट्टीचा वास वाटायचा. त्यामुळे हे झाड जंगल गिळतंय असं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला वाईट वाटलं ते झाडाबद्दल.

मग एका उन्हाळ्यात गावामागच्या डोंगरावर करवंदं काढायला गेले आणि करवंदाच्या जाळ्या सापडेनात. पायवाट तीच, वळणावरचं ऐनाचं झाड तेच, पण दोन्ही बाजूंना खांद्याच्या वर टणटणी, अशी गच्च की आत हात घालायची सोय नाही. तिचे काटे मागे वळलेले असतात, बारीक, मांजराच्या नखांसारखे, बाही आत सहज जाते आणि बाहेर काढताना धरून ठेवते. वाडीतली एक आजी तिथेच लाकडं गोळा करत होती, तिने सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा हा सगळा उतार करवंद, तोरण आणि आळू या रानफळांचा होता, मे महिन्यात पाटी घेऊन निघालं की दुपारपर्यंत भरायची. आता पाटी भरायला पलीकडच्या धारेवर जावं लागतं. आजी हे रडगाणं म्हणून सांगत नव्हती, किती वाजता निघावं लागतं हे सांगत होती.

आम्ही आठ-दहा जण जमलो, वनखात्याकडून लेखी परवानगी काढली, सव्वा एकराचा एक तुकडा ठरवला आणि दिवाळीनंतर कोयते घेऊन भिडलो. चार रविवारांत तुकडा मोकळा झाला. फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, सगळ्यांना पाठवले. आजीने येऊन बघितलं, एका बुंध्याला काठीने टोचलं आणि म्हणाली, "पोरी, वरनं कापलंस म्हंजे तू त्याला खत घातलंस बघ."

जूनमध्ये पाऊस पडला आणि तिचा शब्द खरा झाला. जिथे एक खोड होतं तिथे आठ-दहा फुटवे. पंधरा दिवसांत गुडघ्याएवढे, गणपतीपर्यंत कमरेला आले आणि त्यांना फुलंही आली. मी त्या दिवशी एकटीच वर गेले होते, बराच वेळ उभी राहिले. हात सोलवटून केलेलं काम फुकट गेलं याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त टोचलं ते हे की मी या झाडाला चार रविवार कापत होते आणि ते जगतं कसं हे एकदाही नीट विचारलं नव्हतं. मग वाचायला लागले.

टणटणीचा जीव खोडात नसतो, जमिनीच्या अगदी लगत, मुळाचं खोड जिथे होतं त्या सांध्यात असतो. तिथे झोपलेले डोळे असतात. वरचं कापा, जाळा, गुरांनी तुडवू द्या, तो सांधा शाबूत असला की डोळे जागे होतात, आणि खाली मोठं मूळ आधीच तयार असतं त्यामुळे नवीन फुटव्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय ओल्या जमिनीला टेकलेली फांदी तिथेच मुळं धरते. आम्ही कापलेल्या फांद्या तशाच उताराला पसरून ठेवल्या होत्या म्हणजे बघा.

फुलांचं तर मला अजून आश्चर्य वाटतं. लहानपणी हजारदा हातात घेतलेला गुच्छ, पण मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी-केशरी का असतात हा प्रश्नच कधी पडला नव्हता. कडेची फुलं आधी उमलतात, मधली नंतर. उमललेलं ताजं फूल पिवळं, त्यात मध असतो. परागीकरण झालं की ते रंग बदलतं, केशरी, गुलाबी, काही जातींत लाल, आणि त्यात मध उरत नाही. पण ते गळून पडत नाही, गुच्छात टिकून राहतं, त्यामुळे लांबून गुच्छ मोठा भरगच्च दिसतो, फुलपाखरू ओढलं जातं आणि जवळ आलं की बरोबर पिवळ्यावर बसतं. म्हणजे आम्ही पोरी मध चोखायला पिवळीच फुलं निवडायचो ते काही उगाच नाही, आम्ही फुलपाखरांसारख्याच शिकलो होतो. एवढी हुशार मांडणी बघितल्यावर झाडाचा राग राग करणं मला तरी जमत नाही. उपटते, पण रागाने नाही.

फुलामागून फळं, हिरव्या मण्यांचा घोस, पिकला की निळसर काळा चकचकीत. एका मोठ्या झुडपाला वर्षाला १२,००० पर्यंत फळं धरतात असं म्हणतात. प्रत्येकात एक कठीण आठळी. बी नुसती खाली पडली तर त्यातली बरीच रुजत नाहीत, पण पक्ष्याच्या पोटातून गर निघून गेला की रुजण्याची शक्यता वाढते. आणि आपल्याकडे बुलबुल आहे, साळुंकी आहे. हे पक्षी फळ खातात, एखाद्या उंच झाडावर जाऊन बसतात आणि तिथे शीट टाकतात, त्यामुळे टणटणी नुसती कडेकडेने सरकत नाही, उडी मारते. मोकळ्या रानात एकटं उभं असलेलं झाड बघा, त्याच्या बुंध्याभोवती टणटणीचं कडं असतंच. आमचा ऐन तसाच. बुलबुलला कुठलं झुडूप इथलं आणि कुठलं बाहेरचं हे कोण सांगणार, त्याला जे पिकलेलं दिसतं ते तो खातो आणि पेरतो. हाच बुलबुल तोरणाच्या बिया पेरायचा, अजून पेरतो, फरक इतकाच की तोरण वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आसपास पिकतं आणि टणटणीला पावसापासून पुढे कित्येक महिने काही ना काही पिकलेलं असतंच. वर्षभर उघडं असलेलं दुकान आणि महिनाभराची जत्रा, गिऱ्हाईक कुठे जाईल?

हे झाड इथलं नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. तिथून युरोपच्या बागांमध्ये गेलं, तिथे माळ्यांनी रंगासाठी संकर करून करून त्याच्या अनेक जाती काढल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते शोभेचं म्हणून कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणलं. कुंपणाला चांगलं, गुरं खात नाहीत, फुलं छान, पाणी घालावं लागत नाही. या चारही गोष्टी बागेत गुण होत्या. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातल्या वाघ असलेल्या जंगलांपैकी १,५४,००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त भागात, टणटणी पसरल्याचं म्हटलंय. आकडा मोठा असला की डोळ्यासमोर काहीच येत नाही, म्हणून मी महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाशी ताडून बघितला, आपलं राज्य साधारण ३,०७,७०० चौरस किलोमीटर. अर्धा महाराष्ट्र.

गुरं खात नाहीत ही गोष्ट वाटते त्यापेक्षा खोल आहे. रानात चराई जास्त झाली की गुरं बाकी सगळं ओरबाडतात आणि टणटणी सोडून देतात, म्हणजे गुरंच तिची निंदणी करून देतात. चाऱ्याची फार टंचाई झाली किंवा बाहेरून आणलेलं, न ओळखणारं जनावर असलं तर मात्र तोंड घालतं. आमच्या चुलतकाकांच्या गाईचं असं झालं होतं, मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. पानांतलं विष लिव्हरवर जातं, पित्त बाहेर पडायचं थांबतं, कावीळ होते, आणि हिरव्या चाऱ्यातून तयार होणारा जो पदार्थ एरवी पित्ताबरोबर निघून जातो तो रक्तात फिरत राहतो, त्याच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. काळ्या केसांखाली कमी, पांढऱ्या केसांखाली जास्त. ती गाय काळीपांढरी होती आणि तिच्या फक्त पांढऱ्या ठिगळांवरची कातडी सोलून निघत होती. काकांनी तिला अंधाऱ्या गोठ्यात बांधली, डॉक्टर आले, ती वाचली. काकू रोज तिला ओला कपडा लावायच्या. का, ते मला तीस वर्षांनी कळलं.

आग हा वेगळाच विषय. उन्हाळ्यात टणटणीची पानं झडतात आणि उरतात त्या बारीक वाळक्या काड्या, जमिनीपासून डोक्याच्या वर, आणि झाडावर चढली असेल तर पार फांद्यांपर्यंत. पूर्वीचा वणवा पाचोळ्यावरून सरकत जायचा, आता त्याला शिडी मिळते. मोठी झाडं होरपळतात, सावली कमी होते, ऊन खाली येतं, आणि टणटणीला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते ऊन. ती बुडातून पुन्हा फुटते. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा लोक मात्र वेगळं सांगतात, त्यांचं म्हणणं असं की ते पूर्वी सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत पाचोळ्याला हलकी आग लावायचे त्याने टणटणीची रोपं लहानपणीच मरायची, ती आग बंद झाली आणि झुडूप हाताबाहेर गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आग कुठली, कधी आणि किती दाट झुडपाला, यावर सगळं आहे. आज आमच्या डोंगरावर कुणी काडी लावली तर मी त्याला हात जोडेन, कारण आता तिथे हलकी आग लागूच शकत नाही.

काढायची कशी, तर दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात करून दाखवलेली एक पद्धत आहे, आम्ही तीच धरली. सगळं झुडूप मुळासकट उकरायचं नाही, त्यात माती फार हलते आणि हललेल्या मातीत जुन्या बिया वर येतात. कोयत्याने वरून छाटायचंही नाही. कुदळीने बुंध्याशी माती जरा बाजूला करायची आणि जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, म्हणजे तो डोळे असलेला सांधा वरच्या भागाबरोबर निघून येतो. खाली उरलेल्या मुळाला फुटता येत नाही. मग अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळाकडची बाजू आभाळाकडे, म्हणजे कुठलीच फांदी मातीत मूळ धरणार नाही आणि सांधा उन्हात वाळून जाईल.

वाचायला दोन ओळी, हाताला वेगळं. सांधा दिसेपर्यंत पहिल्या दिवशी माझे प्रत्येक झुडपाला दहा-दहा मिनिटं जायचे. माती बाजूला केली की खोडाचा चौकोनीपणा कमी होत जातो, साल फिकट होते आणि मग एक गाठीसारखा जाडसर भाग लागतो, त्याच्या खाली मूळ गुळगुळीत, पिवळसर. कुदळीचा घाव तिथे तिरका बसला पाहिजे. बसला की खट्ट असा ओला आवाज येतो, आणि चुकून गाठीवर बसला तर आवाज बद्द येतो, तो आवाज आला की परत मारायचं, आळस करायचा नाही, कारण अर्धवट राहिलेली गाठ म्हणजे पुढच्या वर्षीचे आठ फुटवे. आजीने आमचं हे बघितलं आणि काही बोलली नाही, नुसती मान हलवली आणि एका कोपऱ्यातलं सगळ्यात जाड बुड स्वतः तोडून दाखवलं, पहारीने, तीन घावांत. वेळ निवडायची ती जुलै-ऑगस्टची, माती मऊ असते आणि फळं अजून पिकलेली नसतात. जळवा नाहीत आमच्याकडे, पण घसरगुंडी भरपूर, गमबुटात चिखल जातो आणि हातमोज्यांच्या आत ते काटे मोडून राहतात, संध्याकाळी सुईने काढायचे.

आणि मोकळी झालेली जागा मोकळी राहत नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या पावसात तिथे टणटणीची रोपं येतात, शेकड्याने, मातीत आधीपासून पडून असलेल्या बियांची. ती ओळखायला सोपी, पान चुरगळा, वास येतो. बोटभर असताना उपटली तर अलगद येतात, वर्षभर सोडली तर परत कुदळ लागते. दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी आणखी कमी, पण पक्षी नवीन बिया आणतच असतात म्हणून उंच झाडांच्या खालची जागा दर पावसाळ्यात बघावीच लागते. बरोबरीने काहीतरी लावावं लागतं, नाहीतर टणटणी गेली आणि रानमोडी, म्हणजे तसंच बाहेरून आलेलं दुसरं तण, आली असं होतं, आमच्या वरच्या कोपऱ्यात झालंच तसं. आम्ही मारवेल आणि पवन्याच्या गवताचं बी टाकलं, निरगुडीच्या काड्या खोचल्या, धायटी आणि मुरडशेंग आपली आपण आली. गवत वाढलं की टणटणीच्या रोपाला ऊन मिळत नाही. खरं औषध सावली आहे, कुदळ फक्त सावली येईपर्यंतचा वेळ काढून देते.

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट झाली ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या रविवारी बाहेरून बरीच मंडळी आली होती, उत्साही, मनापासून काम करणारी. मी वरच्या बाजूला होते. खाली आले तेव्हा एका गटाने करवंदाची अख्खी जाळी साफ केलेली होती. काटेरी, गुंतलेली, टणटणीत मिसळलेली, त्यांना वाटलं तेच झुडूप. तोडलेल्या प्रत्येक फांदीतून पांढरा चीक ठिबकत होता. मी कुणालाच काही बोलले नाही, कारण ओळख करून देणं माझं काम होतं आणि मी ते घाईत दोन वाक्यांत उरकलं होतं. तेव्हापासून नवीन आलेल्या माणसाच्या हातात आधी कुदळ देत नाही, दोन पानं देते. टणटणीचं पान खरखरीत, कडा करवतीसारख्या, वास, खोड चौकोनी. करवंदाचं पान जाड, वरून चकचकीत, कडा सरळ, काटे जोडीने आणि बरेचदा टोकाला दुभंगलेले, आणि मोडलं की चीक. चीक दिसला की हात मागे. त्या जाळीला पुढच्या वर्षी बुडातून फुटवे आले, करवंदही चिवटच आहे, पण फळ धरायला वेळ लागला आणि त्या मे महिन्यात आजीला तिथून रिकाम्या हाताने जाताना मी बघितलं.

मधून मधून कुणीतरी विचारतंच की एखादा किडा का सोडत नाहीत, जो फक्त टणटणी खाईल. सोडलेत, खूप. हवाई बेटांवर १९०२ सालीच मेक्सिकोतून किडे आणून सोडले होते, जैविक तणनियंत्रणाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. नंतर ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, आपण, सगळ्यांनी करून बघितलं. आपल्याकडे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून पानांचा रस शोषणारा एक जाळीदार पंखांचा ढेकूण डेहराडूनला आणला, पण तो सागाच्या फुलांवरही जगतो असं दिसल्यावर तो सोडायचा नाही असं ठरलं. तरी तो निसटला आणि आज तो टणटणीवर बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याने पानं पिवळी पडतात, झडतात, पाऊस आला की झुडूप परत हिरवं. युगांडात तोच ढेकूण तिळाच्या पिकावर गेला होता. अडचण अशी की टणटणी ही एक जात नाहीच, युरोपातल्या बागांमध्ये झालेल्या संकरांचा तो गोतावळा आहे, एका जातीवर जगणारा किडा दुसरीवर उपाशी मरतो.

अमेरिकेतली एक हकीकत वाचून तर मी दोन दिवस अस्वस्थ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आलेल्या पाइनच्या रोपांबरोबर तिथे तांबेऱ्याची एक बुरशी आली. ती पाइनवरून थेट दुसऱ्या पाइनवर जाऊ शकत नाही, मध्ये तिला करंट आणि गूजबेरीच्या जातीची झुडपं लागतात. म्हणजे पाइन वाचवायचे तर झुडपं काढा, कागदावर अगदी सरळ हिशोब. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांच्या तुकड्याच्या तुकड्या जंगलात नेऊन हातांनी झुडपं उपटली, अनेक दशकं. आणि ही झुडपं तिथलीच होती, बाहेरून आलेली नव्हती, अस्वलं आणि पक्षी त्यावर जगत होते. पण त्यांच्या बिया मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात, उपटताना माती हलली, ऊन आलं आणि त्या रुजल्या. साठच्या दशकाच्या शेवटी पश्चिमेकडचं बहुतेक काम थांबवलं आणि भर रोगाला दाद न देणारे पाइन निवडून वाढवण्यावर गेला. मला त्या पोरांचे हात दिसत राहतात. त्यांनी प्रामाणिकपणे काम केलं होतं, जमिनीखाली काय साठवलेलं आहे हे फक्त हिशोबात धरलेलं नव्हतं.

कापलेल्या टणटणीचं काय करायचं हाही प्रश्न. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरात तिच्या काड्या उकळून, साल काढून वेतासारखं फर्निचर आणि टोपल्या बनवतात. निलगिरीत गुडलूरच्या बाजूला आदिवासी कारागिरांनी टणटणीचे पूर्ण आकाराचे हत्ती बनवले, ते लंडनच्या बागांमध्ये उभे राहिले आणि पुढे अमेरिकेतही गेले. मी फोटोच बघितलेत, पण त्या हत्तींच्या पाठीवरचा काड्यांचा विळखा बघून बोटं शिवशिवली. हाताला काम मिळतं, जंगलातून झुडूप निघतं, मला हे मनापासून आवडतं. फक्त एवढंच की फर्निचरवाल्याला सरळ जाड काड्या हव्या असतात, बुडाचा सांधा नको असतो, आणि वरून काडी नेली की आमची पहिल्या वर्षीची चूक तिथे होते. काडी नेणाऱ्यालाच सांधा तोडायचे वेगळे पैसे दिले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळी टणटणी एका दमात काढावी असं मात्र मला आता वाटत नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका झुडपात वाटीएवढं घरटं सापडलं, आत गुलाबी ठिपक्यांची तीन अंडी, बुलबुलचीच. करवंदाची जाळी राहिली नव्हती, मग तिने कुठे बांधायचं? त्या दिवशी सामान आवरून आम्ही खाली उतरलो आणि तेव्हापासून मार्च ते जून कुदळ लावत नाही. पट्ट्यापट्ट्याने काढतो, एक पट्टा काढला की त्यात गवत आणि देशी झुडपं उभी राहेपर्यंत शेजारचा पट्टा तसाच ठेवतो. काम हळू होतं. सहा वर्षांत सव्वा एकराचे साडेतीन एकर झाले, डोंगर केवढा आणि आम्ही केवढे. पण त्या सव्वा एकरात आता एका वर्षात जेवढी रोपं उपटावी लागतात ती दोघी जणी दोन रविवारांत उपटू शकतो, आणि पहिल्या वर्षी आठ जण चार रविवार लागले होते.

तर परत त्या रविवारकडे. जेवण झाल्यावर मी त्या मुलीला घेऊन ऐनाखाली गेले. बुंध्यापासून चार पावलांचा फेरा धरला आणि दोघी उकिडव्या बसून एकेक रोप बघत गेलो. टणटणीची एकतीस निघाली, ती मोजत मोजत तिनेच उपटली, पहिली दहा वास घेऊन, नंतरची नुसती बघून. टाकळा होता, तो राहू दिला. एक जांभळाचं असावं असं रोप होतं. मग ती एका ठिकाणी थांबली, गवताच्या आडोशाला चार पानांचं काहीतरी, पानं लहान पण चकचकीत, वास नाही. ताई हे कुठलं, म्हणाली. मी काही बोलले नाही. तिने खालचं एक पान अगदी टोकाला मोडलं आणि बोट माझ्यापुढे धरलं, त्यावर पांढरा थेंब होता. मग आजूबाजूला शोधून तिने तीन दगड आणले आणि रोपाभोवती लावले.